‘प्रेरणा’, ‘भावना’ आणि ‘पारख’

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी दर शुक्रवारी घरोघरी ख्रिस्ती प्रार्थनासभा होते. साक्ष देताना, म्हणजे आपला विश्वासाचा अनुभव सांगताना, ‘मला प्रेरणा झाली’, ‘देवाने मनात घातले’ आणि ‘मला भरून आले’ हे तिन्ही प्रयोग एकाच अर्थाने केले जातात. गेल्या सभेत एका बहिणीने मुलीचे ठरलेले लग्न ‘प्रेरणा झाली’ म्हणून मोडणार असल्याचे सांगितले आणि कोणालाच पुढे काही बोलता आले नाही. या शब्दांत फरक कोणता, आणि खात्री करून घेण्याला कोणता शब्द वापरावा?

प्रतिसाद १ : ताई, ‘प्रेरणा’ हा शब्द ‘प्र + ईर्’ म्हणजे पुढे ढकलणे, चालना देणे यावरून आला आहे. कोणीतरी ढकलले एवढेच तो सांगतो; कोणी ढकलले हे सांगत नाही. म्हणून ‘पवित्र आत्म्याची प्रेरणा’ असे म्हणावे लागते, आणि त्यातील पहिले दोन शब्द गळले की रागाची, भीतीची किंवा लोकलाजेची प्रेरणाही त्याच नावाने खपून जाते.

‘भावना’ या शब्दाला मी हलका मानत नाही. वैद्य चूर्णाला ‘भावना देतात’, म्हणजे ते रसात पुन्हा पुन्हा भिजवून खलतात. गीत म्हणताना डोळे भरून येतात तेव्हा मन कशात भिजले आहे ते कळते, परंतु उद्या सकाळी काय करावे ते त्यावरून कळत नाही. मित्र लाजराच्या कबरेपाशी येशूही रडला, तेव्हा रडण्याची लाज नको.

खात्री करून घेण्यासाठी आपल्याकडे ‘पारख’ हा नेमका शब्द आहे. तो ‘परीक्षा’ याच शब्दाचे घरगुती रूप. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात ‘सर्व गोष्टींची पारख करा’ असे आहे, आणि तेथील मूळ ग्रीक क्रियापद नाणी व धातू तपासण्यासाठीही वापरले जाई. त्याच्या दोनच वचने आधी पत्राचा लेखक पौल ‘आत्म्याला विझवू नका’ असेही म्हणतो, त्यामुळे पारखणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. कापसाचा व्यापारी काय करतो ते आपण दर हंगामात पाहतो. वरच्या पांढऱ्या थरावर तो भाव सांगत नाही. गाडीच्या तळात हात घालून कवडी, म्हणजे खराब डागाळलेला कापूस, निघते का ते बघतो, मूठ दाबून ओलावा पाहतो, मग चिमूटभर रुई ओढून धाग्याची लांबी तळहातावर मोजतो.

माझेच सांगतो. बाविसाव्या वर्षी एका रात्रीच्या सभेत मी रडत उठलो आणि शिक्षण सोडून सेवेला निघतो असे जाहीर केले. आमच्या वृद्ध पाळकांनी ‘तूर निघेपर्यंत थांब’ एवढेच सांगितले. तूर निघाली तोवर ती ओढ ओसरली होती. त्याच काळात, शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, तीन वर्षे अबोला असलेल्या थोरल्या भावाकडे जावे, असे मात्र रोज मनात येत राहिले. त्यात ना अश्रू होते ना उत्साह, उलट जाणे नकोसेच वाटत होते. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, हे वचन त्याला जुळत होते, आणि पाळकांनीही दुजोरा दिला. मी गेलो.

प्रतिसाद २ : एक भर घालतो. आपल्याकडे ‘अंगात वारे येणे’ हा जुना प्रयोग आहे, आणि बायबलमधील ‘आत्मा’ या शब्दाच्या इब्री मुळाचा अर्थही वारा, श्वास असाच आहे. त्यामुळे अंग थरथरले की आत्मा आला, असे समजणे आपल्याला फार सोपे जाते. होरेब डोंगरावर मात्र एलीया संदेष्ट्याला वाऱ्यात, भूकंपात किंवा अग्नीत परमेश्वर भेटला नाही. त्यानंतर शांत, मंद वाणी झाली. रेव्हरंड ना. वा. टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत नवा करार मिळाला, पण त्यांचा बाप्तिस्मा झाला तो १८९५ साली मुंबईत, मधली जवळपास दोन वर्षे वाचनात आणि पत्रव्यवहारात गेल्यावर. साक्षीत ‘मला असे वाटते आहे, माझ्यासोबत पारखून पाहा’ असे म्हणावे, असे मी सुचवीन.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. त्या बहिणीकडे जाऊन बसले. ठरलेला नवरामुलगा दारू पितो असे कोणाकडून तरी तिच्या कानावर आले होते आणि तेव्हापासून तिला झोप नव्हती. मंडळीतील दोन वडीलधारे रविवारी त्या मुलाच्या गावी चौकशीला जाणार आहेत. आता ती स्वतःच त्या ‘प्रेरणे’ला ‘काळजी’ म्हणते.