फे-फँटसीचा दुसरा भाग: काय रंगतं, काय फसतं (अनुभव धागा)

रोमँटिक फे-फँटसीचे (फे म्हणजे परीलोकातली जादुई जमात) दुसरे भाग वाचणाऱ्यांनी इथे लिहा. नुसतं 'आवडलं' नको, का आवडलं ते सांगा. स्पॉयलर चालतील, शेवट मात्र फोडू नका.

सुरुवात करते 'द विकेड किंग'पासून (हॉली ब्लॅक, २०१९). काय पुस्तक आहे! पहिल्या भागाच्या, 'द क्रुएल प्रिन्स'च्या शेवटी नायिका ज्यूड फे राजपुत्र कार्डनकडून एक वर्ष आणि एक दिवस आज्ञा पाळण्याचं वचन घेते. दुसरा भाग उघडतो तेव्हा त्यातले काही महिने सरलेले असतात. गादीवर तो, हुकूम तिचा आणि मुदत संपत चाललेली. फे खोटं बोलू शकत नाहीत, ज्यूड माणूस असल्याने बेधडक बोलते. त्यामुळे कार्डनचं प्रत्येक वाक्य खरंच असतं. लक्ष ठेवायचं ते त्याने काय गाळलं यावर. प्रेमप्रसंगातही तोच पेच: हा हुकमाचा ताबेदार म्हणून जवळ आलाय की मनाने?

*

+१. एक व्यावहारिक सूचना. दुसरा भाग हातात घेण्याआधी नेटवरचा सारांश वाचून भागत नाही. सारांशात घटना असतात, वचनांचे शब्द नसतात, आणि या प्रकारात सगळं शब्दांवर फिरतं. पहिल्या भागाची शेवटची तीन-चार प्रकरणं पुन्हा वाचा. प्रत्येक वचनासाठी चार गोष्टी टिपा: कोणी दिलं, कोणाला, नेमके शब्द, मुदत. 'जोपर्यंत', 'शिवाय', 'फक्त' असे शब्द दिसले की खाली रेघ मारा, पळवाट बहुतेक तिथेच असते. 'द विकेड किंग'च्या शेवटच्या भागातला कार्डनचा हुकूम असाच सावकाश वाचा. त्यातली अट घाईत निसटली तर तिसऱ्या भागातली निम्मी गंमत गेली.

ई-बुक असेल तर शोधात वचन, सौदा, शपथ यांचे इंग्रजी शब्द टाका, पाच मिनिटांत यादी तयार. ऑडिओबुकवर हे अवघड जातं. मागे जाऊन नेमकं वाक्य सापडत नाही आणि नावांचं स्पेलिंगही कळत नाही.

*

हे नियम आजच्या लेखकांनी शोधलेले नाहीत. स्कॉटिश पोवाडे वाचून बघा. फ्रान्सिस चाइल्ड या अभ्यासकाच्या पोवाड्यांच्या संग्रहात 'थॉमस द राइमर' ३७वा आहे, 'टॅम लिन' ३९वा. थॉमस सात वर्षं परीराज्यात राहतो आणि परत येताना परीराणीकडून खोटं न बोलू शकणारी जीभ मिळवतो. हे बक्षीस की शिक्षा, ते ज्याचं त्याने ठरवावं. 'टॅम लिन'मध्ये पऱ्यांना दर सात वर्षांनी नरकाला कर द्यायचा असतो, आणि त्यांच्या ताब्यातल्या टॅम लिनला आपलाच बळी जाईल अशी भीती असते. हॅलोवीनच्या रात्री जॅनेट त्याला घोड्यावरून खेचते. तो साप होतो, हिंस्र पशू होतो, तापलेलं लोखंड होतो, तरी ती मिठी सोडत नाही. (पाठभेदांनुसार प्राणी बदलतात.) नायकाला सोडवणारी नायिका ही या प्रकाराची मूळ चौकटच आहे.

*

फसतं कुठे, तेही बोलू. पहिल्या भागात नायक-नायिका एकत्र आले की लेखकाला ताण टिकवायचा कसा हे सुचत नाही. मग स्मृतिभ्रंश, एका वाक्याने मिटेल असा गैरसमज किंवा उगाच आणलेला तिसरा. 'विधिलिखित जोडीदार' ही युक्ती तर लवकर उघड झाली की संपलंच. जोडी ठरलेलीच असेल तर निवड कसली? दुसरा घोळ शक्तींचा. नायिकेला दर शंभर पानांनी नवी जादू मिळाली की जुने नियम निकामी होतात.

उलट उदाहरण पुन्हा ज्यूडचंच. पहिल्या भागात ती मोहिनीपासून वाचायला रोवन झाडाची फळं वापरते, पुढे तिला राजपुत्र डेनच्या वरदानाचं संरक्षण मिळतं. दुसऱ्या भागात समुद्राखाली कैदेत असताना तेच संरक्षण गळ्याशी येतं. मोहिनी चालत नाही हे कळू नये म्हणून तिला सतत भारल्याचं सोंग करावं लागतं. जुना नियम, नवी किंमत. मला वाटतं, दुसऱ्या भागाची परीक्षा इथेच होते.

*

शेवटच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन, फक्त गैरसमजाला सरसकट झोडपू नका. फे नायक खरं बोलूनही फसवू शकतो, त्यातून झालेला गैरसमज न्याय्य आहे. वाचताना एवढंच तपासा: मागे जाऊन ते वाक्य पाहिलं तर दोन्ही अर्थ निघतात का? निघत असतील तर लेखक प्रामाणिक आहे.