रात्री तीनदा उठून वडिलांना वळवतो, दिवसभर चिडचिड होते. स्वतःचं मन कसं सांभाळायचं?

पखवाज
नमस्कार. बरेच दिवस इथं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच लिहितोय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

वय 47, कराडजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. वडिलांना (आम्ही अण्णा म्हणतो, वय 76) पार्किन्सन्स होऊन आठ वर्षं झाली. आई गेली तेव्हापासून त्यांचं सगळं मी आणि बायको बघतो. ती अंगणवाडी सेविका आहे, मुलगी बारावीला. थोरला भाऊ पुण्यात असतो. रोज फोन करतो, पैसे मागितले तर नाही म्हणत नाही.

दिवस कसाही निघतो, अवघड जाते ती रात्र. अण्णांना आपली आपण कूस बदलता येत नाही. अकरा, दोन, चार असं साधारण उठावं लागतं. सकाळी साडेसहाला घर सोडायचं. वर्षभर हे चाललंय.

मागच्या आठवड्यात दोन वाजता त्यांनी तिसऱ्यांदा हाक मारली. मी उठलो, आणि वळवताना त्यांना जोरात ढकललं. कोपर खाटेच्या लोखंडी कठड्यावर आपटलं. ते काहीच बोलले नाहीत. सकाळी चहा पाजताना मलाच विचारतात, "तुला झोप लागली का रे?" कोपर काळंनिळं झालं होतं. त्या दिवशी वर्गात फळ्याकडे तोंड करून मी बराच वेळ नुसता उभा होतो.

तेव्हापासून चार वाजता डोळा उघडला की परत लागत नाही. पोरांवर खेकसतो. पंचवीस वर्षं आमच्या भजनी मंडळात पखवाज वाजवला, गेल्या आषाढीपासून गवसणीसुद्धा काढलेली नाही. वाजवावंसंच वाटत नाही.

रात्रीचं काही करता येतं का? तुम्ही मन कसं ठिकाणावर ठेवता? आणि हे डॉक्टरांकडे जाण्याइतकं आहे, की मीच कच्चा पडतोय?

रानजाई
पखवाजदादा, आधी एक सांगते. माझ्या हातूनही असं घडलंय. आईला पार्किन्सन्स होता, अकरा वर्षं. एकदा तिच्या हातातला पेला मी हिसकावून घेतला होता. तो प्रसंग मी कितीतरी दिवस कुणालाच सांगितला नव्हता. तुम्ही सांगितलात हे फार बरं केलंत.

रात्रीबद्दल, आम्हाला उपयोगी पडलेलं लिहिते. सुती चादरीवर सुती पायजमा अडकतो, म्हणून वळणं आणखी जड होतं. चादरीवर मधोमध, कमरेपासून मांड्यांपर्यंत, सॅटिनचं कापड आडवं घाला आणि दोन्ही बाजूंनी गादीखाली नीट खोचा. पलंगाच्या काठापर्यंत गुळगुळीत ठेवू नका, उठताना घसरायला होतं. वळवताना आधी दोन्ही गुडघे दुमडायचे, मग गुडघे एका बाजूला झुकवायचे, खांदा शेवटी. सगळं अंग एकदम ढकलावं लागत नाही, त्यांचं त्यांनाही थोडं जमतं. लोखंडी कठड्याला जुनी गोधडी गुंडाळून बांधा.

न्यूरॉलॉजिस्टना "रात्री कूस बदलता येत नाही" हे याच शब्दांत सांगा. आम्ही दोन वर्षं फक्त हाताच्या कंपाबद्दलच बोलत राहिलो, रात्रीचं कुणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. सांगितल्यावर डॉक्टरांनी रात्रीसाठी हळूहळू सुटणारी गोळी दिली आणि दोनदा उठायचं ते एकदावर आलं. गोळ्यांत आपल्या मनानं मात्र काही बदलू नका. लेवोडोपा, म्हणजे पार्किन्सन्सची नेहमीची गोळी, जेवणाआधी अर्धा तास देता का? डाळ-दुधातल्या प्रथिनांमुळे तिचा परिणाम कमी होतो, तेही डॉक्टरांना विचारून घ्या.

आणि पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथं पेशंटला शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. मला आधी हे शब्द जरा जड वाटले होते. पण पहिल्या सभेत कुणीतरी मला विचारलं, "तुम्ही शुभंकर का? मग तुम्ही कशा आहात?" इतक्या वर्षांत आईची तब्येत सगळे विचारायचे, माझी कुणीच विचारली नव्हती. मी तिथंच रडले.

शांतिवन
सर, रोज पहाटे वीस मिनिटं ध्यान करा, मनाचे श्लोक म्हणा. मला स्वतःला बायपासनंतर त्यानंच उभं केलं. विचार चांगले ठेवले की मन आपोआप शांत होतं.

अबोली
शांतिवनकाका, तुमचा अनुभव खराच आहे. पण ज्या माणसाला सलग तीन तास झोप नाही त्याला पहाटे अजून एक काम सांगू नये असं मला वाटतं. ते जमलं नाही की "मला एवढंही जमत नाही" हे आणखी एक ओझं. आधी झोप, बाकी सगळं नंतर. श्लोक आवडत असतील तर अण्णांना भरवताना दोघांनी मिळून म्हणावेत, त्यासाठी वेगळा वेळ नको.

शांतिवन
पटलं. मी एकटा होतो आणि मला दुपारी झोपता येत होतं, हे लक्षात घ्यायला हवं होतं.

डॉ_सावली
मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, सरकारी रुग्णालयात काम करते. लिहिलेलं वाचून निदान करता येत नाही आणि मी करणारही नाही. पण तुमचा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

भल्या पहाटे जाग येऊन परत झोप न लागणं, आवडीच्या गोष्टीत मन न लागणं, चिडचिड, अपराधी वाटत राहणं, एकाग्रता न होणं. यातलं बरंचसं दोन आठवड्यांहून जास्त दिवस, जवळजवळ रोज, असेल तर दाखवून घ्यावं. पुरुषांचं नैराश्य पुष्कळदा रडण्यातून नाही तर चिडण्यातून दिसतं, त्यामुळे घरच्यांना वाटतं स्वभाव बिघडला. यात "कच्चं पडणं" कुठंही नाही, सर. वर्षभर तुकड्या-तुकड्यांत झोपलेल्या कुणाचंही हे होऊ शकतं.

आधी जवळच्या डॉक्टरांकडून थायरॉइड, बी-12, हिमोग्लोबिन आणि साखर तपासून घ्या. या कमी-जास्तीनंही थकवा आणि उदासी येते. मग मानसोपचारतज्ज्ञ. जिल्हा रुग्णालयात, म्हणजे सिव्हिलला, मानसोपचाराची ओपीडी असते, खाजगीतच जायला हवं असं नाही. गोळ्या सुरू झाल्याच तर परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात "काही फरक नाही" म्हणून आणि दोन महिन्यांनी "आता बरा आहे" म्हणून, अशा दोन वेळा लोक परस्पर सोडतात. तसं करू नका. आणि प्रत्येकाला गोळ्या लागतातच असंही नाही, काहींना समुपदेशन पुरतं.

जायला वेळ मिळत नसेल तर टेली-मानसला फोन करा, 14416. केंद्र सरकारची सेवा आहे, ऑक्टोबर 2022 पासून सुरू, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. पहाटे चारला जाग आली तरी लावता येतो.

एक थेट विचारते, रागावू नका. "यापेक्षा मेलेलं बरं", किंवा "अण्णा सुटले तर बरं" असं मनात येतं का? दुसरं बहुतेक सांभाळणाऱ्यांच्या मनात कधी ना कधी येऊन जातं, तो थकव्याचा आवाज असतो, पाप नसतं. पहिलं येत असेल तर मात्र आजच घरात कुणाला तरी सांगा आणि आजच फोन करा.

पखवाज
डॉक्टर, पहिलं नाही. दुसरं येतं. हे इथं लिहिताना हात थरथरतोय, पण येतं.

रानजाई
माझ्याही मनात यायचं, दादा.

कृष्णाकाठ
मी विवेकनिष्ठ मानसोपचाराचं थोडं शिक्षण घेतलंय, त्यातलं एक सांगतो. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1955 च्या सुमारास ही पद्धत मांडली. आपल्याकडे कि. मो. फडके यांनी ती आणली आणि मराठीत रुजवली. मराठीत ती समजायला सोपी जाते, कारण आपल्याकडे "च" आहे.

तुमच्या मनात बहुधा असं वाक्य आहे : "मुलानं बापावर चिडताच कामा नये, मी शांत राहायलाच पाहिजे." हा "च" घातला की चिडल्याक्षणी तुम्ही नापास. मग स्वतःवर राग, त्या रागानं झोप नाही, झोप नाही म्हणून पुन्हा चिडणं. "च" काढून लिहून बघा. "मी शांत राहावं अशी माझी फार इच्छा आहे. दोन वाजता ते नेहमी जमेल असं नाही. नाही जमलं तर माफी मागेन आणि दुसऱ्या रात्रीची सोय करेन." जबाबदारी तीच राहते, फक्त स्वतःला फोडून काढणं थांबतं. कागदावर, हातानं लिहा. डोक्यातल्या डोक्यात केलं की "च" परत येतो.

अण्णांची माफी मागितलीत का? नसेल तर मागा. माझा अंदाज आहे की ते वाट बघत नसतील, पण तुम्ही वाट बघताय.

मुक्ता_नाशिक
मी वेगळंच सांगणार आहे. तुम्ही लिहिलंय, दादा पैसे मागितले तर देतो. मग मागितलं काय आजवर? आमच्याकडे सासूबाईंचं केलं तेव्हा मी तीन वर्षं "तुम्हाला काही वाटतच नाही" असं दिरांना सुनावत होते आणि ते खरोखर गोंधळून विचारायचे, "वहिनी, नक्की करू काय?" मी कधी नेमकं सांगितलंच नव्हतं. मनातल्या मनात वाटायचं, त्यांना कळायला नको का?

सांगावं लागतं. वार, तारीख, आकडा. "दादा, महिन्यातला दुसरा शनिवार-रविवार तू इथं येऊन अण्णांजवळ झोपायचं. आणि आठवड्यातून तीन रात्री माणूस ठेवायचा, त्याचे पैसे तू द्यायचे." पेशंटजवळ माणूस पुरवणाऱ्या ब्युरोचा माणूस महाग पडत असेल तर गावातच रात्रीपुरता कुणी मिळतो का बघा. पहिल्या चार रात्री तुम्ही शेजारी असा, वळवायचं शिकवा, मग दार लावून दुसऱ्या खोलीत झोपा. अण्णा सुरुवातीला कुरकुरतील. कुरकुरू द्यात.

वहिनींचंही बघा. तुम्ही रात्रीचं लिहिलंत, दिवसाचं कोण करतं? त्यांनाही विचारा त्या कशा आहेत.

अबोली
मुक्ताताईंच्या शेवटच्या ओळींना शंभर वेळा अनुमोदन.

पखवाजाबद्दल : वाजवावंसं वाटेल तेव्हा वाजवू, असं म्हणून थांबू नका. अशा दिवसांत वाटणं आधी येत नाही. मी गाणं सोडलं होतं तेव्हा समुपदेशक बाईंनी फक्त तंबोऱ्याची खोळ काढून तो कोपऱ्यात उभा करायला सांगितला, गायचं नाही. दुसऱ्या आठवड्यात पाच मिनिटं सा लावायचा. मन लागलं नाही तरी पाच मिनिटं. बरेच दिवस नुसता सा लावला, मग एकदा कधी अर्धा तास झाला ते कळलं नाही.

पखवाज
तीन आठवड्यांनी लिहितोय. सगळ्यांचे प्रतिसाद छापून बायकोला वाचायला दिले. तिनं वाचून झाल्यावर कागद घडी घालून ठेवला आणि म्हणाली, "मला वाटलं होतं तुम्ही माझ्यावर चिडताय." त्यावर आम्ही दोघं बराच वेळ बोललो, बऱ्याच महिन्यांनी.

बी-12 फार कमी निघालं, इंजेक्शनं चालू आहेत. सिव्हिलला जाऊन आलो. डॉक्टरांनी गोळी दिली आहे, दोन आठवडे झाले, फरक आत्ताच सांगता येत नाही, सोडणार नाही. न्यूरॉलॉजिस्टकडे पुढच्या मंगळवारचा नंबर आहे.

दादाला फोन केला. मुक्ताताईंनी लिहिलं तसंच, आकड्यासकट. तो काही वेळ गप्प होता, मग म्हणाला, "एवढं होईपर्यंत बोलला का नाहीस?" तीन रात्रींना गावातला एक माणूस येतोय, पैसे दादा देतोय. गेल्या शनिवारी तो स्वतः येऊन अण्णांजवळ झोपला. मी साडेनऊला पडलो तो सहाला उठलो.

अण्णांची माफी मागितली. ते म्हणाले, "मला कुठं आठवतंय?" मला माहीत आहे, त्यांना आठवतंय.

गवसणी काढली. एकादशीला गेलो नाही, घरीच थोडा वाजवला. आणि अजून एक झालं, ते रानजाईताईंना सांगायचं होतं. अण्णा न्हाणीघराच्या उंबऱ्याशी अडकतात, पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. परवा तसेच अडकले होते, मी मागून नुसतं "ज्ञानबा, तुकाराम" असं वारीच्या चालीत म्हणायला लागलो. दोन-तीनदा म्हटलं आणि उजवा पाय उचलला त्यांनी, उंबरा ओलांडून आत गेले. हे असं होतं का? ठेक्यानं पाय सुटतात का?

रानजाई
हो, होतं. ठेका, मोजणं, टाळ्या, जमिनीवर आखलेल्या आडव्या रेघा, यानं पुष्कळांचा अडकलेला पाय सुटतो. आम्ही उंबऱ्याआधी रंगीत पट्ट्या चिकटवल्या होत्या, एका पावलाच्या अंतरानं. त्याही लावून बघा. मंगळवारी न्यूरॉलॉजिस्टना हे नक्की सांगा. सॅटिन घातलंत का?

पखवाज
अजून नाही. किती रुंद घेऊ? आमची खाट साडेतीन फुटी आहे.