‘मॅकगायव्हर’ पुन्हा पाहताना

प्रश्न :
लहानपणी ज्या मालिकेसाठी मी हातातले सारे सोडून पडद्यासमोर बसत असे, ती ‘मॅकगायव्हर’ ही अमेरिकी साहसमालिका गेल्या महिन्यात पहिल्या भागापासून पुन्हा पाहायला घेतली. वेग संथ वाटेल याची कल्पना होती. मात्र गळणारे सल्फ्युरिक आम्ल नायक चॉकलेटने थोपवतो तो प्रसंग आला, आणि पूर्वीसारखा अंगावर काटा आला नाही, याचे मनापासून वाईट वाटले. १९८५ ते १९९२ या काळात सात पर्वे चाललेली ही मालिका पूर्ण पाहावी, की आठवणीतच राहू द्यावी?

पहिले उत्तर :
त्या प्रसंगाचे उत्तर ठाऊक असल्यामुळे थरार ओसरला असावा. सल्फ्युरिक आम्ल साखरेतील पाणी खेचून घेते आणि मागे कार्बनचा चिकट गोळा उरतो, हे एकदा समजले की कुतूहल प्रसंगाऐवजी त्या माणसाच्या विचार करण्याच्या पद्धतीकडे वळते. नायक साकारणारे रिचर्ड डीन अँडरसन यांच्या आवाजातील स्वगत निवेदन मला आज अधिक आवडते, कारण त्यात घाई नाही. घातक मिश्रणे दाखवताना कोणी अनुकरण करू नये म्हणून एखादा घटक मुद्दाम गाळला जात असे, ही काळजीही आता जाणवते.

दुसरे उत्तर :
पहिल्या पर्वावरून निर्णय घेऊ नये, ही विनंती. मर्डॉक हा कायमचा शत्रू दुसऱ्या पर्वात येतो आणि तेथून मालिकेला धार चढते. पण माझ्या दृष्टीने खरे कारण नायकाचा वरिष्ठ आणि मित्र पीट थॉर्नटन आहे. ही भूमिका करणारे डेना एल्कार यांची दृष्टी काचबिंदूमुळे प्रत्यक्षात जाऊ लागली, तेव्हा त्यांना दूर करण्याऐवजी लेखकांनी पीटलाच तो आजार दिला. लहानपणी मी ते भाग कंटाळून पाहिले होते; आता मात्र, एका मित्राची नजर विझत असताना दुसरा त्याच्याशी पूर्वीच्याच बरोबरीने वागतो, हे पाहताना पुढचे दृश्य थांबवून बसावे लागले. साहसी मालिकेत इतका संयम मी क्वचितच पाहिला आहे.

तिसरे उत्तर :
नायक बंदूक वापरत नाही, याला मी तेव्हा केवळ वेगळेपणा समजत होतो. बालपणी चुकून सुटलेल्या गोळीने त्याचा मित्र दगावला होता, हे कळल्यावर चाकू आणि चिकटपट्टीवर चालणाऱ्या त्या साऱ्या युक्त्यांमागे केवढा निग्रह आहे ते उमगते. काही भागांतील उपदेश मात्र लांबतो, हे मान्य करावे लागेल.

प्रश्नकर्त्याचे उत्तर :
सर्वांचे आभार. पीटचे ते भाग मला मुळीच आठवत नव्हते. दुसऱ्या पर्वापासून पुढे पाहायला आज रात्री सुरुवात करतो.