मदत हवी आहे: सिम्युलेशनमध्ये नीट चालणारा दोन पायांचा रोबो जमिनीवर चार-पाच पावलांत कलंडतो

दोलक
मंडळी, अडलोय. सिम्युलेशनमध्ये रोबो हवा तेवढा वेळ चालतो, बाजूने धक्का दिला तरी सावरतो. जमिनीवर ठेवला की चार-पाच पावलांत बाजूला पडतो. पॉलिसी (सिम्युलेशनमध्ये शिकलेला कंट्रोलर) तीच, गेन (कोनातल्या चुकीला मोटर किती जोराने उत्तर देते तो आकडा) तेच, मोजमापं सगळी तपासून झाली. रिवॉर्डमध्ये (ट्रेनिंगमध्ये मिळणाऱ्या गुणांत) धड सरळ ठेवण्याचं वजन वाढवून पुन्हा ट्रेनिंग केलं, काही उपयोग नाही. प्रात्यक्षिक अगदी तोंडावर आलंय. सिम्युलेशन आणि प्रत्यक्ष यात फरक असतो हे कृपया सांगू नका, ते माहीत आहे. नेमकं काय बदलू तेवढं सांगा.

खुबासांधा
किती उंच? किती जड? मोटर कोणत्या, सांधे किती? मुख्य म्हणजे बाजूला म्हणजे कुठे: टेकलेल्या पायाच्या बाहेर, की उचललेल्या पायाच्या दिशेला आत? या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. बाहेर पडत असेल तर धड आडवा वेग जास्त घेऊन टेकलेल्या पायावरून पलीकडे जातंय. आत पडत असेल तर वजन त्या पायावर पुरेसं गेलेलंच नाही आणि उचललेला पाय वेळेआधी टेकतोय. हे कळल्याशिवाय कोणी काहीही सांगितलं तरी तो अंदाजच.

शून्याघूर्ण
पॉलिसी बाजूला ठेवा. या प्रश्नाचं उत्तर व्हुकोब्रातोविच यांनी १९६०च्या दशकाअखेरीस देऊन ठेवलंय: झीएमपी, म्हणजे झीरो मोमेंट पॉइंट. जमिनीच्या प्रतिक्रियेचं आडव्या अक्षांभोवतीचं आघूर्ण (फिरवणारा जोर) जिथे शून्य होतं तो बिंदू तळव्याच्या आत राहिला पाहिजे, काठावर आला की तळवा कडेवर उचलला जातो. आधी पावलं ठरवा, त्यावरून झीएमपीचा मार्ग, त्यावरून वस्तुमानकेंद्राचा. काजिता यांची २००३ची प्रिव्ह्यू कंट्रोलची (पुढची पावलं आधीच बघून हालचाल ठरवणारी) पद्धत वापरा. रोबो का पडला हे किमान कागदावर दिसतं. न्यूरल नेटवर्कला कारण विचारता येत नाही.

बक्षीसमार्ग
अहो, त्यांनी चालणारी पॉलिसी आणली आहे आणि तुम्ही त्यांना पाटी कोरी करायला सांगताय. २०२२ मध्ये दोन पायांच्या कॅसी रोबोने १०० मीटर अंतर २४.७३ सेकंदांत कापलं, तेही सिम्युलेशनमध्ये शिकलेल्या कंट्रोलरवर. दोलक, घर्षण, वस्तुमान, मोटरचा जोर आणि विलंब (मोजमाप ते हालचाल यातला उशीर) हे सगळं ट्रेनिंगमध्ये बदलतं ठेवलंय का? विशेषतः विलंब. तो शून्य धरला असेल तर पॉलिसी अशा जगात शिकली आहे जे अस्तित्वातच नाही.

दोलक
वस्तुमानकेंद्र जमिनीपासून साधारण २५ सेंमी, वजन ३ किलोच्या आसपास. प्रत्येक पायाला सहा सर्वो (सांगितलेल्या कोनाला वळणाऱ्या मोटर), एकूण १२, एकाच सिरियल बसवर (सगळ्यांच्या संदेशांची एकच सामाईक वाट). लूप (वाचा, ठरवा, आदेश द्या ही फेरी) १०० हर्ट्झ. पडतो तो बाहेरच्या बाजूला. घर्षण आणि वस्तुमान बदलतं ठेवलंय. विलंब नाही, १०० हर्ट्झला १० मिलिसेकंदांनी काय बिघडणार?

उतारप्रेमी
मोटर मुळात इतक्या हव्यातच कशाला? टॅड मॅकगीर यांनी १९९० मध्ये दाखवून दिलं की एकही मोटर नसलेले पाय सौम्य उतारावर गुरुत्वाच्या बळावर आपोआप चालतात. तळव्याचा गोलावा आणि पायाचं वस्तुमान नीट बेतलं की पाऊल स्वतःच स्थिर होतं. गुडघे वाकवून चालणारे रोबो नुसत्या उभ्या अवस्थेतही मोटर तापवतात, ते बघून वाईट वाटतं. यावर सविस्तर लिहायला आवडेल.

खुबासांधा
उतारप्रेमी, जरूर लिहा, पण वेगळ्या धाग्यात. इथे रोबो तयार आहे.

दोलक, १० मिलिसेकंदांनी बिघडत नाही हे खरं. पण १०० हर्ट्झ हा आकडा तुम्ही कोडमध्ये लिहिलाय की मोजलाय?

विचारण्याचं कारण असं. टेकलेल्या पायावरचं धड म्हणजे उलटा लंबक. त्याचा कल किती झपाट्याने वाढतो हे गुरुत्व त्वरण भागिले उंची याच्या वर्गमुळावर ठरतं. तुमच्या २५ सेंमीला ते ६.२६ येतं, म्हणजे कालांक (कल सुमारे पावणेतीन पट व्हायला लागणारा वेळ) सुमारे ०.१६ सेकंद. माणसाच्या उंचीला हाच कालांक ०.३ सेकंदाच्या आसपास असतो. तळहातावर लांब काठी तोलता येते, पेन्सिल येत नाही, तेच हे. लहान रोबो सोपा असं वाटतं, पण सावरायला तो मोठ्यापेक्षा कमी वेळ देतो. ४० मिलिसेकंद उशीर झाला तर चूक सव्वापटीहून थोडी जास्त होते. १९० मिलिसेकंद झाला तर तिपटीच्या वर जाते. एवढ्या उशिरा घोट्याने दिलेला जोर धडाला सावरत नाही, उलट ढकलतो.

नवाविद्यार्थी
मध्येच विचारतो, माफ करा. सुरुवातीला कोणता सिम्युलेटर घ्यावा? आणि ग्राफिक्स कार्ड लागतंच का?

बक्षीसमार्ग
मुजोको घ्या. २०२२ पासून मुक्तस्रोत आहे, साध्या प्रोसेसरवर शिकायला पुरतो. हजारो रोबो एकाच वेळी पळवायचे झाले तरच कार्ड लागेल.

बसचालक
दोलक, सर्वोची स्थिती कशी वाचता? एकेकाला विचारून, की सगळ्यांना एकाच संदेशात? आणि मध्ये यूएसबी ते सिरियल कन्व्हर्टर आहे का?

दोलक
एकेकाला, लूप चालवून. कन्व्हर्टर आहे, त्याशिवाय कसं जोडणार?

बसचालक
मग इथेच बघा. अशा अनेक कन्व्हर्टरच्या चिपमध्ये लेटन्सी टायमर असतो आणि तो मुळात १६ मिलिसेकंदांवर ठेवलेला असतो. बफर भरेपर्यंत किंवा टायमर संपेपर्यंत चिप आलेली माहिती संगणकाकडे पाठवत नाही. सर्वोचं उत्तर मोजक्या बाइटचं, बफर भरत नाही, म्हणजे प्रत्येक वाचनाला टायमर संपायची वाट. १२ सर्वो एकेक करून वाचले तर १२ गुणिले १६, एकूण १९२ मिलिसेकंदांपर्यंत. लिनक्सवर असाल तर त्या पोर्टचा लेटन्सी टायमर १ करा आणि सर्वोमध्ये सोय असेल तर सगळ्यांची स्थिती एकाच संदेशात मागवा. बॉड रेटही (बसवर माहिती जाण्याचा वेग) बघा, काही सर्वो कारखान्यातून ५७,६०० वर येतात. त्या वेगाने १२ जणांची उत्तरं १० मिलिसेकंदांत बसणार नाहीत, १० लाखांवर आणा. आधी मात्र प्रत्येक फेरीची वेळ फाइलमध्ये लिहून मोजा.

शून्याघूर्ण
असा उशीर असताना झीएमपीवाला रोबो निदान आखलेल्या मार्गावर तरी चालत राहिला असता. सेन्सरकडून अभिप्राय (फीडबॅक) कमी लागतो.

बक्षीसमार्ग
आखलेल्या मार्गावर चालला असता आणि पहिल्या उंचवट्याला पडला असता. उशिरा आलेल्या माहितीवर कुठलीच पद्धत तोल राखू शकत नाही.

दोलक
मोजलं. फेरी सरासरी १८० मिलिसेकंदांच्या वर होती. सेकंदाला सहासुद्धा फेऱ्या नाहीत! टायमर १ केला, एकत्र वाचन लावलं, बॉड रेट वाढवला. आता फेरी ९ मिलिसेकंदांच्या आत आहे. जुनीच पॉलिसी घातली आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. बसचालक, खुबासांधा, मनापासून आभार.

पण वळताना अजून बाहेर झोकांडतो आणि खुबे थरथरतात. गेन कमी करू का?

खुबासांधा
नुसता गेन कमी करू नका. तुम्ही सुरुवातीला "गेन तेच" म्हणालात, तिथेच मला शंका आली होती. सर्वोच्या रजिस्टरमधला आकडा त्या सर्वोच्या स्वतःच्या मापात असतो, सिम्युलेशनमधला न्यूटन-मीटर प्रति रेडियनमध्ये. दोन्हीकडे एकच आकडा टाकला म्हणजे सांध्याचा ताठपणा एकच झाला असं होत नाही.

रोबो स्टँडवर टांगा. एका सांध्याला लहान पायरीचा आदेश द्या, मग हळूहळू वाढत्या वारंवारितेची लाट. प्रत्यक्ष कोन नोंदवा. तेच आदेश सिम्युलेशनला द्या आणि दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवा. जुळेपर्यंत सिम्युलेशनमधला ताठपणा, अवमंदन आणि सांध्याचं घर्षण बदला. बारा सांध्यांना वेळ जातो, पण चालण्याच्या कामात याच्याइतकं फळ देणारं दुसरं काम मला माहीत नाही. २०१९ मध्ये ॲनिमल या चार पायांच्या रोबोसाठी तर खऱ्या मोटरच्या नोंदींवरून तिचं वागणं शिकणारं नेटवर्क बनवून ते सिम्युलेशनमध्ये बसवलं होतं.

खुब्यातली ढिलाईही बघा. मोटर धरून पाय हाताने हलवा. ३० सेंमी पायाला १ अंशाची ढिलाई म्हणजे तळव्यापाशी ५ मिलिमीटर. थरथर तिथूनही येते.

शून्याघूर्ण
हे मात्र कुठलीही पद्धत वापरली तरी करावंच लागतं. सहमत.

बक्षीसमार्ग
आणि पुढच्या ट्रेनिंगमध्ये विलंब घाला. मोजलेल्या ९ वर थांबू नका, ५ ते ३० मिलिसेकंद असा बदलता ठेवा, ट्रेनिंगच्या दर भागाला (एपिसोडला) वेगळा. आयएमयूच्या (कल मोजणाऱ्या सेन्सरच्या) फिल्टरलाही स्वतःचा उशीर असतो, तो धरा.

दोलक
ढिलाई आहे, डाव्या खुब्यात हाताला कळण्याइतकी. स्क्रू आवळून आज सहा सांध्यांचे आलेख घेतो. विलंब घालून नवं ट्रेनिंग आत्ताच सुरू केलंय. आयएमयूच्या फिल्टरचा उशीर कसा मोजायचा?

बसचालक
आयएमयू एका सर्वोच्या हॉर्नवर (फिरणाऱ्या भुजेवर) बसवा, सर्वो मागेपुढे हलवा आणि सर्वोचा कोन व आयएमयूचा कोन एकाच घड्याळावर नोंदवा. दोन लाटांमधलं अंतर म्हणजे उशीर. सर्वोच्या वाचनाचा वेळ त्यात मिळवायला विसरू नका.