जुने सिनेमे दुरून एकत्र बघताना: ‘उंबरठा’नंतर आम्ही चौघी गप्प झालो

कोथरूडची_माई

आम्ही चौघी सांगलीला शिकताना हॉस्टेलच्या एकाच खोलीत राहायचो. आता मी पुण्यात, एक सांगलीतच, एक न्यू जर्सीला आणि एक डब्लिनला. एप्रिलपासून महिन्यातला एक शनिवार आम्ही जुन्या मराठी सिनेमासाठी राखून ठेवलाय. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ, डब्लिनला संध्याकाळचे पाच, न्यू जर्सीला दुपारचे बारा. फोनवर एकमेकींचे चेहरे, समोर लॅपटॉपवर सिनेमा. तेव्हा जिवापाड आवडलेला सिनेमा आजही तेवढाच आवडतो का, हे खरं खरं सांगायचं, एवढाच नियम.

सुरुवात ‘अशी ही बनवाबनवी’ने केली. गॅदरिंगच्या रात्री मेसमधली टेबलं भिंतीला लावून, भाड्याच्या व्हीसीआरवर बघितलेला. मला मनातून धाकधूक होती. पुरुषांनी साड्या नेसल्या की पुढचा विनोद किती घसरतो ते नंतर अनेक ठिकाणी बघितलंय. पण १९८८ सालचा हा सिनेमा त्या बाबतीत फार स्वच्छ निघाला. आपण हसतो ते सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डेच्या फजितीला, बाईपणाला नाही. आणि मूळ दुखणं आजही तसंच आहे. माझा भाचा गेल्या जूनमध्ये पुण्यात सहा घरं बघून आला, पाच ठिकाणी ‘फॅमिलीलाच देतो’. सुधीर जोशींचा घरमालक दिसला आणि न्यू जर्सीवालीने पुढचे संवाद आधीच म्हणायला सुरुवात केली. अश्विनी भावेच्या त्या लिंबू रंगाच्या साडीवर आमची दहा मिनिटं गेली!

मग ‘माहेरची साडी’, १९९१ चा. पहिल्या तासाभरातच दोघी म्हणाल्या, बंद करूया. सगळं सोसत राहणं हाच बाईचा मोठेपणा, हे आता बघवत नाही. पण सांगलीवाली म्हणाली, “माझ्या आईला घरात रडायलासुद्धा कोपरा नव्हता. ती थिएटरात पोटभर रडून आली होती, आणि परतताना एसटीत बायकांशी कितीतरी वेळ बोलत होती.” त्यावर आम्ही काही बोललो नाही. सिनेमा मात्र पुढे बघितला नाही.

आता मूळ प्रश्न. गेल्या महिन्यात ‘उंबरठा’ लावला. तो आम्ही हॉस्टेलच्या टीव्हीवर दूरदर्शनला बघितला होता आणि त्या रात्री खोलीत जोरदार भांडलो होतो. स्मिता पाटीलची सुलभा नोकरीसाठी लहान मुलीला घरी ठेवून महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून जाते, हे आमच्यातल्या तिघींना पटलं नव्हतं. मी तर “अशी आई असते का?” असं म्हटलं होतं. मला ते वाक्य, खाटेवर मांडी घालून बसलेली मी, सगळं आठवतंय.

त्यानंतर पंधरा-सोळा वर्षांनी आमच्यातलीच एक नर्स म्हणून डब्लिनला गेली. मुलगी चार वर्षांची होती. तीन वर्षं ती आजीकडे राहिली, मग आईकडे गेली. आता ती मुलगी पुण्यात कॉलेजला आहे.

हे सगळं माहीत असूनही सिनेमा निवडताना आमच्या कुणाच्या ध्यानातच आलं नाही. सुलभा परत घरी येते आणि मुलगी तिच्याजवळ जायला बिचकते, तो प्रसंग लागला. डब्लिनवालीने कॅमेरा बंद केला. आम्ही तिघी गप्प. शेवटी सुलभा रेल्वेत बसते, सिनेमा संपला, तेव्हा “चला गं, सकाळी लवकर ड्यूटी आहे” म्हणून ती गेली. तेव्हापासून ग्रुपवर तिचे फक्त अंगठे येतात.

मी तिला काय म्हणू? विषय काढू की नको? पुढच्या शनिवारी नुसता हसवणारा सिनेमा लावून वेळ निभावून न्यायची, हे मला पटत नाहीये. तुम्ही असे सिनेमे मित्रमैत्रिणींसोबत दुरून बघत असाल तर सांगा.

रीळवाला

आम्ही पाच मित्र दोन वर्षं हे करतोय, त्यामुळे आधी तांत्रिक. सगळ्यांनी एकच लिंक उघडा. एकाच सिनेमाच्या वेगवेगळ्या प्रती कापलेल्या असतात, मग एकाचं हसू दुसऱ्याच्या आधी येतं. सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र पडद्यावर येतं, तिथे सगळ्यांनी थांबवायचं आणि एकाने तीन-दोन-एक म्हणायचं. हेडफोन सक्तीचे, नाहीतर सगळ्यांचे आवाज घुमतात.

दुसरं, जुन्या सिनेमात मध्यंतराची पाटी असते. तिथे आम्ही खरोखर पंधरा मिनिटं थांबतो, चहा घेतो. शेवटपर्यंत गप्प बसून मग एकदम मत द्यायचं म्हटलं की माणूस अवघडतो. मध्यंतरात सहज काहीतरी निघतं.

आणि ‘सिंहासन’ बघा. १९७९ चा, कृष्णधवल. निळू फुले त्यात पत्रकार आहेत. विशीत मला तो मुख्यमंत्री आणि अर्थमंत्र्यांच्या डावपेचांचा सिनेमा वाटला होता. आता पन्नाशीत मी पूर्ण वेळ फक्त त्या दिगू टिपणीसकडे बघत होतो, सगळं कळतं आणि काहीच बदलता येत नाही असा माणूस.

सोलापुरी_चादर

ताई, राग मानू नका, पण ही परीक्षा घ्यायचीच कशाला? आवडलं ते आवडलं. तीस वर्षांनी गुण कापायचे आणि वर मैत्रिणीला दुखवायचं. मी ‘धूमधडाका’ दरवर्षी दिवाळीत भावंडांसोबत बघतो, एक शब्द वावगा बोलू देत नाही कुणाला.

कोथरूडची_माई

राग कसला! पण आम्ही सिनेमाचे गुण कापत नाही हो. ‘उंबरठा’त एकच गोष्ट मला आज खटकली. आश्रमातल्या दोन बायकांचं एकमेकींवर प्रेम आहे, त्याकडे सिनेमा आजारासारखं बघतो. बाकी जब्बार पटेलांनी सुलभाला कुठेही देवी केलेलं नाही आणि दुष्टही केलेलं नाही. चुकलं होतं ते आमचं बघणं. ते मला मान्य करायचंय, आणि जिच्यासमोर करायचंय तीच बोलत नाहीये.

दर्यावर्दी_रत्नागिरी

मी बावीस वर्षं बोटीवर होतो. नऊ-नऊ महिने बाहेर. धाकटा जन्मला तेव्हा मी समुद्रात होतो, पाच महिन्यांचा झाल्यावर त्याला पहिल्यांदा उचललं, तर तो माझ्याकडे बघून किंचाळला. घरात सगळे हसले. ‘बाबाला ओळखत नाही’ म्हणून तो किस्सा आजही लग्नाकार्यात सांगतात. मुलांना सोडून कसा गेलास, असं मला आजवर एकाही माणसाने विचारलेलं नाही. उलट घर बांधलं म्हणून कौतुकच झालं.

तुमची पोस्ट बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, त्यांना सांगा, ग्रुपवर काही लिहू नका. एकटीने फोन करा, आणि सिनेमाबद्दल न बोलता त्या रात्री हॉस्टेलमध्ये तुम्ही स्वतः काय बोललात तिथून सुरू करा.

कोथरूडची_माई

काल फोन केला. वहिनींनी सांगितलं तसंच केलं. मी म्हटलं, “तेव्हा मी ‘अशी आई असते का’ म्हणाले होते, तुला आठवतं?” ती म्हणाली, “आठवतं तर. विमानतळावर बॅग आत सोडतानासुद्धा तेच वाक्य डोक्यात होतं.”

मला पुढे बोलता येईना. मी माफी मागितली. ती थोड्या वेळाने म्हणाली की सिनेमामुळे तिला त्रास झालाच नव्हता. “तुम्ही तिघी गप्प बसलात ना, त्याचा झाला. हॉस्टेलमध्ये भांडलात तरी होतात.” तो प्रसंग आला तेव्हा आमच्यापैकी कुणीतरी तिचं नाव घेईल, काहीतरी विचारेल, म्हणून ती कॅमेरा बंद करून वाट बघत होती. आम्हाला वाटलं तिला एकटं सोडावं. मग तासभर बोललो. मुलगी आजीकडे असताना ती दर रविवारी फोनवर एकच गोष्ट सांगायची, मुलगी ऐकता ऐकता झोपायची आणि आजी फोन तसाच उशीजवळ ठेवायची. हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

‘उंबरठा’ पुन्हा लावायचा, असं तिनेच सांगितलंय, आणि या वेळी मध्यंतरात थांबायचं. तिच्या मुलीलाही बघायचाय. शनिवारी ती माझ्याकडे येणार आहे, रात्री मुक्कामाला. रीळवाले, प्रमाणपत्राची युक्ती वापरते. एका लॅपटॉपसमोर दोघी बसलो तर हेडफोनचं काय करायचं तेवढं सांगा.

रीळवाला

दोन हेडफोन लागतील अशी छोटी पिन मिळते, अप्पा बळवंत चौकाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात विचारा. शुक्रवारीच लावून बघा.