५६००एक्स प्रोसेसर : सिनेबेंच (सगळ्या कोअरवर जोर देणारी स्पीड टेस्ट) तासभर चालतं पण नुसतं फोल्डर उघडलं की रीस्टार्ट, व्होल्टेज कमी पडतंय की रॅम?

वडगाव_एडिटर

नमस्कार मंडळी, सिस्टिम अशी आहे, रायझन ५ ५६००एक्स, बी५५० बोर्ड, टॉवर कूलर, ३६०० सीएल१८ रॅमच्या ८ जीबीच्या चार स्टिक (दोन पहिल्या, दोन नंतर घेतलेल्या, लेबल सेम टू सेम). पीबीओ (प्रोसेसरला जास्त बूस्ट देणारं सेटिंग) ऑन, कर्व्ह ऑप्टिमायझर (कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करणारं सेटिंग) ऑल कोअर मायनस २५, रॅमला एक्सएमपी (तयार स्पीड प्रोफाइल) लावून वर टीआरएफसी (रॅम रिफ्रेश व्हायचा वेळ) ६३० वरून ४८० केलाय, एका व्हिडिओत तसं सांगितलं होतं. सिनेबेंच तासभर लावून ठेवलं तरी काही होत नाही, टेंपरेचर ७२-७३. पण गाणी चालू आहेत, ब्राउझर उघडाय, नाहीतर पेन ड्राइव्हवर फाइल टाकतोय, असल्या वेळी काळी स्क्रीन आणि रीस्टार्ट. वरून रिझॉल्व्हमध्ये (व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर) कधी कधी रेंडर अर्ध्यात एरर देऊन थांबतो, तेव्हा पीसी मात्र चालूच असतो. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचं सगळं फुटेज यातच आहे, मंडळाला व्हिडिओ द्यायचाय. व्होल्टेज वाढवू की रॅम खाली आणू? मायनस २५ सोडायला जिवावर येतंय कारण स्कोअर छान येतोय.

उद्यमबाग_फिटर

पहिलं काम, फुटेज बाहेरच्या ड्राइव्हवर काढ, आणि ते स्टॉक सेटिंगवर येऊन काढ. रॅम चुकत असेल तर कॉपी करतानाच फाइल बिघडते आणि ते तुला महिन्यानं कळतं.

दुसरं, अंदाजानं व्होल्टेज वाढवायचं नाही, आधी इव्हेंट व्ह्यूअर उघड, सिस्टिम लॉगमध्ये रीस्टार्टच्या वेळेला काय लिहिलंय ते बघ. कर्नेल-पॉवर ४१ असल्या सगळ्याच अचानक रीस्टार्टला येतो, तो एवढंच सांगतो की मशीन नीट बंद झालं नाही. त्याच्या जोडीला व्हीया-लॉगर १८ (विंडोजनं केलेली हार्डवेअर एररची नोंद) आहे का ते महत्त्वाचं. असेल तर त्यात प्रोसेसर एपीआयसी आयडी, म्हणजे पडलेल्या थ्रेडचा नंबर, लिहिलेला असतो, एका कोअरचे दोन थ्रेड असतात म्हणून ५६००एक्स ला त्या आकड्याला दोनानं भाग, कोअर नंबर मिळतो, शून्यापासून मोजायचा. म्हणजे ४ किंवा ५ आला तर कोअर २. बघून सांग मग पुढचं बोलू.

निपाणी_ओसी

माझं मत सरळ आहे, पीबीओ बंद कर, ऑल कोअर ४.५ गिगाहर्ट्झ, १.२५ व्होल्ट फिक्स ठेव, विषय संपला. एडिटिंगला सगळे कोअर लागतात, एका कोअरचा बूस्ट घेऊन काय करूलास? आमच्याकडे कित्येकांचे पीसी असेच चाललेत.

उद्यमबाग_फिटर

@निपाणी_ओसी रेंडरपुरतं तुझं बरोबर आहे दादा, पण टाइमलाइन पुढं मागं ओढताना, प्रोजेक्ट उघडताना एकाच कोअरवर जोर येतो आणि फिक्स केलं की तिथला ४.६ चा बूस्ट जातो. शिवाय प्रत्येक चिप वेगळी, तुझी १.२५ वर ४.५ धरते म्हणून याची धरेलच असं नाही. ही चिप स्वतःहून व्होल्टेज वरखाली करते, हलक्या लोडला १.४५ च्या वर दाखवते ते बघून पण लोक घाबरतात, पण तेव्हा करंट कमी असतो, ते नॉर्मल आहे. तेच १.४५ सगळ्या कोअरना फुल लोडवर फिक्स देणं मात्र वाईट, तसं कुणी करू नये.

वडगाव_एडिटर

बघितलं. बऱ्याच रीस्टार्टला व्हीया १८ आहे, कॅश हायरार्की एरर म्हणतोय, आयडी कधी ६ कधी ७. पण काही वेळा नुसता ४१ आहे, व्हीया काहीच नाही. ते सगळे पावसाच्या दिवसांतले, आमच्याकडं तेव्हा करंट सारखा जा-ये करत होता. घरात इन्व्हर्टर आहे, पीसी त्याच्यावरच आहे, वेगळा यूपीएस नाही.

खानापूर_पाऊस

करंटचं मी सांगते. इन्व्हर्टरवर मागच्या बाजूला किंवा पुढं यूपीएस मोडचा स्विच असतो, तो बघ. नॉर्मल मोडला बॅटरीवर जायला जास्त वेळ लागतो, पंखा-ट्यूबलाइटला ते कळत नाही पण पीसीचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) करंट गेल्यावर फुल लोडला साधारण १६-१७ मिलीसेकंदच दम धरतो, तेवढ्यात बदल झाला नाही तर रीस्टार्ट. आमच्या खानापूरला जूनपासून दिवसात कितीदा तरी असं होतं, त्यामुळं हे मी अंगवळणी पाडून घेतलंय, टेस्टिंग चालू असताना करंट लुकलुकला तर वेळ कागदावर लिहून ठेवायची. नाहीतर टेस्ट फेल झाली म्हणून चांगलं सेटिंग आपण फुकट ढिलं करत बसतो. फक्त एवढं लक्षात ठेव, व्हीया नाही म्हणजे कर्व्ह निर्दोष असं शंभर टक्के नसतं, कधी कधी लॉग लिहायच्या आतच मशीन जातं. वेळ जुळली तरच करंटवर ढकल.

उद्यमबाग_फिटर

ताईंचं बरोबर आहे. आता कोअरकडं. ६ आणि ७ म्हणजे दोन्ही थ्रेड कोअर ३ चे, एकच कोअर पडतोय. एचडब्ल्यूइन्फो (सेन्सर दाखवणारं सॉफ्टवेअर) उघड, कोअर क्लॉकच्या पुढं परफॉर्मन्सचा नंबर दाखवतो, बघ कोअर ३ पहिल्या दोनात असणार. सगळ्यात चांगला कोअर सगळ्यात वर बूस्ट होतो, त्याला कारखान्यातूनच कमी व्होल्टेजची कर्व्ह लावलेली असते, त्यातून तू अजून काढतोस. मायनसचा एक आकडा म्हणजे ३ ते ५ मिलिव्होल्ट, मायनस २५ म्हणजे ७५ ते १२५ मिलिव्होल्ट काढलेस की. ढिल्या कोअरला ते चालतं, चांगल्याला नाही.

आणि सिनेबेंचमध्ये हे का दिसत नाही तर तिथं सगळे कोअर पॉवर लिमिटला टेकतात, ५६००एक्स ला स्टॉकला पीपीटी (पॉवरची कमाल मर्यादा) ७६ वॅट, पीबीओत लिमिट वाढवलं तरी सगळे मिळून क्लॉक खालीच राहतो. एकटा कोअर हलक्या कामाला उठून ४.६५ ला पळतो तेव्हाच व्होल्टेज कमी पडतं, म्हणजे नेमकं तुझं फोल्डर उघडताना. लेथवर सहा जॉब सावकाश चालवले तर सगळे मापात येतात, एक जॉब फुल स्पीडला घेतला की थरथर तिथंच कळते, तसंच आहे हे. त्यामुळं टेस्ट पण तसली पाहिजे, कोअरसायकलर घे, तो एकेका कोअरवर प्राइम९५ ही जड टेस्ट चालवतो. त्यात मोड एसएसई (हलक्या सूचना) ठेव, एव्हीएक्स (जड सूचना) नको, एसएसईला बूस्ट सगळ्यात वर जातो. एका कोअरला १०-१५ मिनिटं, रात्रभर फिरव. बायोसमध्ये पर कोअर निवडून चांगले दोन मायनस १०, बाकीचे मायनस २० पासून चालू कर. जो पडेल तो दोन-तीननं वर आण, बाकीच्यांना हात लावू नको.

पण हे सगळं नंतर. आधी कर्व्ह शून्य करून रॅम पक्की कर, नाहीतर कोण पडतंय तेच कळणार नाही.

खानापूर_पाऊस

रॅमबद्दल, लेबल सेम असलं तरी आतली चिप सेम असतेच असं नाही, कंपन्या एकाच मॉडेलमध्ये मधेच चिप बदलतात. थायफून बर्नरनं (स्टिकमधली चिप कुठली ते दाखवणारं सॉफ्टवेअर) चारी स्टिक वाच. टीआरएफसी ४८० म्हणजे १८०० मेगाहर्ट्झवर (३६०० रॅमचं खरं क्लॉक) २६७ नॅनोसेकंद होतात (आकडा भागिले १८०० गुणिले १०००). हायनिक्सच्या काही चिपला हे जमतं पण मायक्रॉनच्या ८ गिगाबिट ई-डाय चिपला साधारण २९० ते ३१० लागतात. म्हणून रेंडर अर्ध्यात थांबतोय असं मला वाटतं, पीसी पडत नाही पण मेमरीत एक बिट फिरला की रिझॉल्व्ह तक्रार करतो.

शिवाय चार स्टिक लावल्यावर मेमरी कंट्रोलरवर ओझं वाढतं, एएमडीचा या सिरीजचा अधिकृत आकडा दोन स्टिकला ३२००, सिंगल रँकच्या चार स्टिकला २९३३ आहे. ३६०० बहुतेक धरेल, पण एक्सएमपी लावलं म्हणजे झालं असं नाही. बायोसमध्ये एफसीएलके (प्रोसेसरच्या आतल्या जोडणीचं क्लॉक) १८०० हातानं टाक, गिअरडाउन (रॅमला थोडी सवलत देणारा मोड) ऑन, एसओसी (मेमरी कंट्रोलरकडचं व्होल्टेज) १.१, व्हीडीडीजी (त्या आतल्या जोडणीचं व्होल्टेज) त्याच्यापेक्षा निदान ५० मिलिव्होल्ट खाली पाहिजे, १.०५ च्या वर नको. रॅमला १.३५ वर एरर आले तर १.३८ कर. आधी पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६, विंडोज सुरू न करता, तिथं पास झालं की मग विंडोजमध्ये टेस्टमेम५ ही रॅम टेस्ट एक्स्ट्रीम कॉन्फिगवर. एक पण एरर म्हणजे फेल, "एकच तर आलाय" असं करायचं नाही.

निपाणी_ओसी

हे मान्य. चार स्टिक आहेत ते आधी नीट बघितलं नव्हतं, माझ्या सांगण्यात रॅमचा विचारच नव्हता. एक सांगतो, मधल्या दोन स्टिकला हवा लागत नाही, त्या जास्त तापतात, आणि रॅम तापली की टाइट टीआरएफसी पहिला सुटतो. केसचा फॅन तिकडं फिरव.

वडगाव_एडिटर

सगळ्यांचे आभार, खूप शिकायला मिळालं. अपडेट देतो. जुन्या दोन स्टिक हायनिक्स, नव्या दोन मायक्रॉन निघाल्या. ४८० वर टेस्टमेम५ नं लगेच एरर दिले, ५६० केल्यावर पूर्ण क्लीन, मेमटेस्ट८६ पण क्लीन. व्होल्टेज १.३५ वरच आहे, एसओसी मात्र १.१२५ दिलाय. मग कर्व्ह, कोअर ३ मायनस १० वर पण पडला, मायनस ७ वर पण पडला, मायनस ५ वर रात्रभर टिकला. कोअर १ मायनस १०, बाकी चार मायनस २०. सिनेबेंचचा स्कोअर पहिल्यापेक्षा किंचित कमी, पण मिरवणुकीचा अख्खा रेंडर एका दमात गेला. इन्व्हर्टर नॉर्मल मोडवरच होता, यूपीएस मोडला टाकलाय. आता थांबू की टीआरएफसी अजून खाली बघू?

खानापूर_पाऊस

एडिटिंगला ५६० आणि ५२० मधला फरक तुला जाणवणार सुद्धा नाही, राहू दे. एसओसी १.१ वर आणून टेस्टमेम५ परत एकदा लाव, पास झालं तर तेच ठेव, उगाच जास्त कशाला. आणि बायोसमध्ये हे प्रोफाइल नावानं सेव्ह कर, बोर्डवरची बॅटरी काढायची वेळ आली तर चालू सेटिंग सगळं जातं.

उद्यमबाग_फिटर

आत्ता बाहेर २२-२३ डिग्री आहे, हे सगळं पावसातलं टेस्टिंग झालं. एप्रिलमध्ये दुपारी खोलीचं दार लावून टेस्टमेम५ आणि कोअरसायकलर दोन्ही परत फिरव, तेव्हा कोअर १ ला एक-दोन आकडे वर घ्यावे लागतील असं वाटतं.