मदत हवी आहे: सीपीयूच्या लिक्विड कूलरमधून पाणी गळायलंय, काम अडलंय

जॅकार्ड_सोलापूर:
नमस्कार. कॉम्प्युटरच्या लिक्विड कूलरमधून पाणी गळायलंय. मशीन चालू केलं की थोड्या वेळात तापमान ९८-१०० वर जातं, मग सगळं हळू होतं आणि आपोआप बंद पडतं. चादरीच्या नक्षीची फाइल अर्धवट राहिलीय. अक्कलकोट रोड एमआयडीसीत माग थांबलेत, मालकाचा सारखा फोन येतोय. सीपीयूवरची पेस्ट बदलून झाली, पंखे फिरायलेत. काय करू? लवकर सांगा.

निखिल_जुळेसोलापूर:
आधी प्लग काढा. गळत असताना पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. एआयओ (कंपनीतून भरून, बंद करून आलेला अख्खा कूलर) आहे की सुटे भाग जोडून केलेला लूप? किती वर्षांचा? ओल नेमकी कुठे दिसते, ब्लॉकपाशी (सीपीयूवर बसतो तो भाग), नळीच्या टोकाला की रेडिएटरवर? खाली ग्राफिक्स कार्ड आहे का?

हवाच_बरी:
आपल्याकडे मे महिन्यात ४२-४३ डिग्री. खोलीपेक्षा थंड पाणी कुठलाही रेडिएटर देत नाही. दोन टॉवरचा एअर कूलर घ्या. पंखा गेला तर पंखा बदलायचा, बाकी बिघडायला त्यात काही नाहीच.

जॅकार्ड_सोलापूर:
एआयओ, २४० मिमी रेडिएटरचा. सीपीयू आय-सेव्हन १२७००के. ब्लॉकच्या कडेला ओल आहे. खोलीत एसी आहे, त्यामुळे उन्हाचं सांगू नका. चालू कसं करायचं तेवढं सांगा.

विद्या_होटगीरोड:
एसी आहे म्हणजे गळती नसेल, दव धरत असेल. पुसून घ्या आणि एसी २६ वर ठेवा.

निखिल_जुळेसोलापूर:
नाही ताई. दव धरायला वस्तू हवेपेक्षा थंड लागते. चालू मशीनच्या ब्लॉकमधलं द्रव खोलीपेक्षा गरमच असतं. ही गळतीच आहे. भाऊ, वय आणि ग्राफिक्स कार्डाचं राहिलं. आणि रेडिएटर कुठे बसवलाय? एक नळी कडक गरम आणि दुसरी गार लागते का?

बाळीवेस_इलेक्ट्रिक:
इन्व्हर्टर कोणता आहे? व्होल्टेज वरखाली झालं की सगळंच बिघडतं. आधी चांगला यूपीएस बसवा.

वर्कशॉपवाला:
ब्लॉकच्या कडेला एम-सील लावा. मी मोटरसायकलच्या टाकीला लावलेलं अजून टिकलंय. आत बॅटरीचं पाणी भरा.

हवाच_बरी:
एम-सील कडक होतं. इथे ब्लॉक दर वेळी तापतो आणि गार होतो, ते कडेने सुटणार. लाखाच्या मशीनवर असले प्रयोग नकोत.

जॅकार्ड_सोलापूर:
साधारण चार वर्षं झाली. रेडिएटर पुढच्या बाजूला, नळ्या खालून आल्यात, ग्राफिक्स कार्ड ब्लॉकच्या बरोबर खाली. एक नळी खूप गरम, दुसरी गार. मागच्या महिन्यात घरघर यायची म्हणून एका दुकानात दिला होता. त्यांनी ब्लॉक उघडून आरओचं पाणी भरून दिलं.

निखिल_जुळेसोलापूर:
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं हो! यातच सगळं आलं.

रबरी नळ्यांमधून वर्षानुवर्षं पाणी अगदी थोडं थोडं उडत जातं. त्याची जागा हवा घेते. ती हवा वरच्या टोकाला जमते. पुढे बसवलेल्या रेडिएटरचं वरचं टोक पंपापेक्षा उंच असेल तर ती तिथेच राहते, पंप वर असेल तर पंपात शिरते आणि घरघर होते. म्हणून घरघर आली की आधी मशीन हलवून, रेडिएटर उंच करून बघायचं असतं. उघडायचं नसतं.

कंपनीने आत नुसतं पाणी घातलेलं नसतं. ग्लायकॉल आणि गंज रोखणारी रसायनं असतात. ती लागतातच, कारण एआयओत बहुतेक वेळा रेडिएटर ॲल्युमिनियमचा आणि ब्लॉकची प्लेट तांब्याची असते. दोन धातू एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम खात जातं. आरओच्या पाण्यात क्षार कमी झाले तरी ते शुद्ध नसतं, आणि भरताना ती रसायनंही पातळ झाली. सुटलेला गाळ प्लेटच्या बारीक फटींत बसतो, प्रवाह थांबतो. एक नळी गरम, दुसरी गार, ते याचंच लक्षण, नाहीतर पंप मेलाय. आणि चार वर्षं तापून कडक झालेली ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) एकदा काढली की पुन्हा नीट बसत नाही. गळती तिथली.

बाळीवेस_इलेक्ट्रिक:
आरओचं पाणी खराब कसं? आमच्याकडे बोअरच्या पाण्याने गिझरची कॉइल पांढरी व्हायची, आरओने कुकर स्वच्छ राहतो.

विद्या_होटगीरोड:
हद्दवाढ भागात तर बोअरशिवाय पर्याय नाही. उजनी धरणाचं पाणी तुमच्याकडे किती दिवसांनी येतं?

जॅकार्ड_सोलापूर:
पाण्याचं नंतर बोला. वॉरंटीत बदलून मिळेल का? कार्डाच्या पाठीवर चिकट लागतंय.

निखिल_जुळेसोलापूर:
उघडलेल्या एआयओची वॉरंटी सहसा धरत नाहीत, तरी बिल असेल तर विचारा. चिकट आहे ते ग्लायकॉल. ते वाळलं तरी धूळ आणि ओल धरून शॉर्ट करू शकतं. कार्ड काढा, बोर्डावरची बटण-बॅटरी काढा, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पुसा. कार्डाच्या स्लॉटच्या आतही बघा. दोन दिवस सुकू द्या. हेअर ड्रायर गरम करून मारू नका. एआयओ परत लावायचा नाही, भंगारात.

जॅकार्ड_सोलापूर:
दोन दिवस? परवा माग चालू व्हायला पाहिजेत!

वर्कशॉपवाला:
तोवर फाइल दुसऱ्या मशीनवर उघडा. हार्ड डिस्क काढून लावता येते.

हवाच_बरी:
हेच करा. एसएसडी कोरडी असेल तर काढून मित्राच्या मशीनला जोडा, फाइल आजच पूर्ण होईल. मशीनला एअर कूलर लावाल तेव्हा बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) सीपीयूची पॉवर लिमिट १२५ वॅटवर आणा. नक्षीच्या कामाला फरक जाणवणार नाही, तापमान मात्र बरंच उतरेल.

जॅकार्ड_सोलापूर:
एसएसडी कोरडी आहे. शेजारी पुतण्याचं मशीन आहे, त्यावर लावतो. एअर कूलर कोणता मागवू?

हवाच_बरी:
आधी कॅबिनेटची रुंदी मोजून टाका, बोर्डापासून बाजूच्या काचेपर्यंत. मोठे टॉवर १६० मिमीच्या आसपास उंच असतात, काच लागली तर परत करावा लागेल. आणि कूलरवर एलजीए १७०० (तुमच्या सीपीयूचं सॉकेट) लिहिलेलं बघूनच घ्या. रॅमची उंचीही सांगा.